भिंतीवरचा सामाईक पडदा

टॅबलेट ही मुळात हातात धरायची, मांडीवर ठेवायची आणि एकट्याने पाहायची वस्तू आहे. तीच भिंतीवर कायमची बसवली की तिचे स्वरूप पालटते, कारण घरातली भिंत कोणा एकाच्या नावावर नसते. दिवे, पंखे, पाण्याची टाकी, दाराचे कुलूप, वातानुकूलन यंत्र अशी उपकरणे घरगुती बिनतारी जाळ्याने एकमेकांना जोडून घेणाऱ्या हौशी मंडळींनी, आधी युरोप-अमेरिकेत आणि आता पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही, अशा भिंतीवरच्या टॅबलेटचा एक ठरावीक उपयोग रूढ केला आहे. या पडद्यावर घराचा 'डॅशबोर्ड' दिसतो, म्हणजे कोणता दिवा चालू आहे, कोणते दार उघडे आहे, टाकीत किती पाणी उरले आहे याची एकत्र मांडणी आणि त्या त्या उपकरणाला आज्ञा देण्याची बटणे एकाच ठिकाणी येतात. ही सोय करून घेणे आज फारसे अवघड राहिलेले नाही; तिच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न मात्र जुना आहे, आणि तो असा की घराविषयीची माहिती कोणाजवळ असावी, ती कोणाला वाचता यावी आणि तिच्यात फेरफार करण्याचा हक्क कोणाला असावा.

घराची हालहवाल एका फळीवर एकवटण्याची कल्पना विजेच्याही आधीची आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनमधील श्रीमंतांच्या वाड्यांत खोल्याखोल्यांतून तारा ओढून त्या नोकरांच्या वावरातल्या बोळामधील घंटांच्या रांगेला जोडलेल्या असत, आणि दिवाणखान्यातली कळ ओढली की बोळात त्या खोलीची घंटा वाजे. प्रत्येक घंटा गुंडाळलेल्या पोलादी पट्टीवर टांगलेली असल्यामुळे आवाज थांबल्यावरही ती काही वेळ डुलत राही, आणि हातातले काम टाकून धावत आलेल्या नोकराला बोलावणे कोणत्या खोलीतून आले हे डोळ्यांनी पाहता येई. या रचनेतल्या दोन गोष्टी आजच्या संदर्भातही ध्यानात घेण्याजोग्या आहेत: एक तर ऐकण्यात चुकलेल्यालाही वाचता यावी इतका वेळ माहिती टिकून राही, आणि दुसरे म्हणजे घंटांची ती रांग मालकाच्या खोलीत नसून राबणाऱ्यांच्या वाटेवर होती. घराची अवस्था जाणून घेण्याची खरी निकड ज्याला घर चालवावे लागते त्याला असते, हे त्या काळच्या कारागिरांनी नेमके ओळखले होते.

विसाव्या शतकात ही रचना हळूहळू यंत्रांच्या हाती गेली. हनीवेल कंपनीने 1953 मध्ये बाजारात आणलेला 'टी87' हा गोल थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचे तापमान ओळखून घर तापवणारी यंत्रणा चालू-बंद करणारे उपकरण, हेन्री ड्रेफस या अभिकल्पकाच्या नावाशी जोडला जातो. खोलीचे आताचे तापमान आणि घरच्यांना हवे असलेले तापमान ही दोन्ही एकाच चकतीवर दाखवणारा आणि कडी फिरवताच आज्ञा घेणारा हा थर्मोस्टॅट भिंतीवरच्या डॅशबोर्डचा थेट पूर्वज म्हणता येईल. पुढे 1966 मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता जिम सदरलंड याने अमेरिकेत पिट्सबर्ग परिसरातल्या आपल्या राहत्या घरी 'एको 4' हा घरकामासाठीचा संगणक उभारला, तर 1975 मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने 'एक्स10' ही पद्धत विकसित केली, जिच्यात उपकरणांना द्यायच्या आज्ञा घरातल्या विजेच्या तारांमधूनच पाठवल्या जात.

या सर्वांपेक्षा भिंतीवरच्या टॅबलेटचे मर्म अधिक जवळून सांगितले ते मार्क वायझर या संगणकशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात काम करताना त्याने 1991 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात एकविसाव्या शतकातील संगणकाविषयी एक लेख लिहिला आणि त्यात संगणकांची तीन मापे कल्पिली: इंचाच्या मापाचे 'टॅब', फुटाच्या मापाचे 'पॅड' आणि वाराच्या मापाचे 'बोर्ड'. यातले पॅड कोणाच्याही नावाचे नसतील, खोलीत कच्च्या कागदासारखे पडलेले असतील आणि ज्याला गरज असेल तो त्यातला हाताला लागेल तो उचलेल, अशी त्याची मांडणी होती. 2010 मध्ये आयपॅड आला तेव्हा त्याचा आकार वायझरच्या पॅडशी जुळणारा होता, पण वृत्ती नेमकी उलटी होती. त्याला खाते लागते, परवलीचा शब्द लागतो, त्यात एकाची पत्रे, एकाची छायाचित्रे आणि एकाचीच खरेदी असते. जुना टॅबलेट भिंतीवर चढवणारा मनुष्य नकळत ही वृत्ती उलटवत असतो, म्हणजे ज्या वस्तूला बाजाराने मालक चिकटवला तिला तो पुन्हा बिनमालकीची, पर्यायाने सर्वांची, करू पाहतो.

हे उलटवणे शक्य झाले त्यामागे मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांना वाचायला आणि बदलायला खुली असते अशा आज्ञावलींचा, मोठा वाटा आहे. पाउलस स्खाउटसेन याने 2013 मध्ये सुरू केलेला 'होम असिस्टंट' हा प्रकल्प घरातच ठेवलेल्या एखाद्या छोट्या संगणकावर चालतो, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एका छताखाली आणतो आणि त्यांची अवस्था साध्या वेबपानाच्या रूपाने दाखवतो. या पानाच्या मांडणीला एडा लव्हलेस या एकोणिसाव्या शतकातील गणितज्ञ स्त्रीवरून 'लव्हलेस' असे नाव देण्यात आले. पान वेबचे असल्यामुळे ते कोणत्याही ठीकठाक ब्राउझरमध्ये उघडते आणि म्हणून कपाटात पडून राहिलेला टॅबलेटही त्या कामाला चालतो, मात्र त्यावरचा ब्राउझर फारच जुना झाला असेल तर पान कोरे राहते. टॅबलेटने इतर काहीच दाखवू नये यासाठी त्याला 'किऑस्क' अवस्थेत, म्हणजे एकाच पानापुरते जखडून, ठेवावे लागते. आयपॅडवर 2012 पासून 'गायडेड ॲक्सेस' आणि अँड्रॉइडवर 2014 मधील पाचव्या आवृत्तीपासून 'स्क्रीन पिनिंग' ही सोय त्यासाठी उपलब्ध आहे. मग खाती काढली जातात, सूचनांचे टुणटुण आवाज बंद केले जातात, आणि वैयक्तिक असे सर्व पुसल्यावर उरते ती घराची पाटी.

तरीही मांडीवरच्या वस्तूला भिंतीचे शिस्तशीर आयुष्य सहजासहजी मानवत नाही, आणि पहिली अडचण विजेची येते. टॅबलेटला लागणारी वीज 5 व्होल्टची असते आणि इतका कमी दाब लांबवर नेणे परवडत नाही. 24 गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे 0.084 ओहम असतो. पाच मीटर अंतरासाठी जाण्या-येण्याची मिळून दहा मीटर तार लागते, तिचा रोध 0.84 ओहम होतो, आणि 2 अँपिअर प्रवाह वाहत असेल तर जवळजवळ 1.7 व्होल्ट वाटेतच खर्ची पडून टॅबलेटच्या वाट्याला जेमतेम 3.3 व्होल्ट येतात, ज्यावर तो चार्ज होत नाही. म्हणून एक तर अडॅप्टर पडद्याच्या मागेच बसवावा लागतो, नाही तर नेटवर्कच्या केबलमधूनच वीज नेण्याची पद्धत वापरावी लागते. 2003 च्या मानकानुसार या पद्धतीत सुमारे 48 व्होल्टवर कमाल 15.4 वॅट पाठवता येतात, दाब जास्त असल्याने प्रवाह कमी लागतो आणि शंभर मीटरच्या केबलअंतीही उपकरणाला 12.95 वॅटची हमी राहते.

दुसरी अडचण भिंतीची असते आणि ती देशपरत्वे बदलते. अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या आतल्या भिंती लाकडी उभ्या खांबांवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात, दोन खांबांत मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 16 इंच अंतर असते आणि मधली जागा पोकळ असते. त्यामुळे तिथे चौकोन कापून वरून तार सोडली की काम भागते. आपल्याकडच्या विटांच्या भिंतीत मात्र झिरी मारावी लागते, पाइप दाबावा लागतो, बॉक्स बसवून प्लास्टर आणि रंग पुन्हा करावा लागतो, आणि वायरमन, गवंडी आणि रंगारी अशी तीन माणसे एका वीतभर चौकोनासाठी बोलवावी लागतात. 230 व्होल्टच्या तारा आणि माहितीची केबल एकाच पाइपातून नेऊ नये हेही त्याच वेळी वायरमनला सांगावे लागते. साहजिकच इथे टॅबलेटची जागा घराचे नूतनीकरण चालू असतानाच ठरते, भाड्याच्या घरात ती मालकाच्या परवानगीवर अडते, आणि एकदा ठरली की दहा-पंधरा वर्षे हलत नाही. टॅबलेटचे स्वतःचे आयुष्य मात्र त्याच्या निम्मेही नसते.

तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण बॅटरीची आहे. लिथियम-आयन बॅटरीचा एक घट सामान्यतः 4.2 व्होल्टला पूर्ण भरलेला मानतात. हातातला टॅबलेट भरतो आणि रिकामा होतो, पण भिंतीवरचा अहोरात्र भरलेलाच राहतो, आणि भरलेली अवस्था व उष्णता यांच्या संयोगाने आतल्या विद्युत-अपघटनी द्रवाचे हळूहळू विघटन होऊन वायू तयार होतात. बंद कोनाड्यात हवा खेळत नसेल तर हा वेग वाढतो. आधी पडद्याची एक कड चौकटीपासून केसभर उचलली जाते, काचेवर बोट दाबले की खाली पोकळी असल्यासारखे लागते, आणि मग पाठ फुगते. अशी फुगलेली बॅटरी आग लागण्याचा धोका ठरते, तिला टोचणे किंवा पुन्हा दाबून बसवणे सर्वथा वर्ज्य असते. यावरचा रूढ उपाय म्हणजे चार्जर एका दूरनियंत्रित प्लगला जोडून बॅटरी 40 टक्क्यांवर आली की तो चालू आणि 70 टक्क्यांवर गेली की बंद करण्याचा नियम घरच्या संगणकाला घालून देणे. मात्र ज्या संगणकाची अवस्था दाखवण्यासाठी टॅबलेट टांगला, त्याच संगणकावर त्याचा प्राण अवलंबून राहतो, आणि संगणक रुसला की पडदाही काही तासांत मान टाकतो.

पडदा सतत उजळ ठेवला तर त्याच जागी राहणारी चित्रे काही प्रकारच्या पडद्यांवर कायमची उमटतात आणि वीजही जाते. सरासरी 5 वॅट धरले तरी वर्षाकाठी सुमारे 44 युनिट होतात. म्हणून समोर कोणी आले तरच पडदा जागा व्हावा अशी व्यवस्था करतात, आणि त्यासाठी टॅबलेटचाच पुढचा कॅमेरा पाठोपाठच्या दोन चित्रांतला फरक तपासतो किंवा भिंतीवर हालचाल ओळखणारा वेगळा संवेदक बसवला जातो. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या तोंडावर हॉलमध्ये एकाएकी पांढरा उजेड पडू नये म्हणून रात्रीचा प्रकाश वेगळा ठेवावा लागतो. ही सारी खटपट एकच गोष्ट साधण्यासाठी असते: लक्ष वेधून घेण्यासाठी घडवलेल्या वस्तूला लक्ष न वेधण्याची सवय लावणे.

पडद्यावर काय ठेवावे हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि हौशी मंडळींची परीक्षा खरे तर तिथे होते. संगणकाला माहीत असलेले सर्व काही दाखवता येते म्हणून दाखवण्याचा मोह अनावर असतो. मग आर्द्रतेचे आलेख, राउटरचे तापमान, इंटरनेटचा वेग अशा तीस-चाळीस चौकटींत देवघरातल्या दिव्याचे बटण हरवते. डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या ग्रंथात दिव्यांच्या बटणांची रांग माणसाला का गोंधळात टाकते याची चर्चा करून, बटणे खोलीच्या नकाशावर त्या त्या दिव्याच्या जागी बसवण्याचा मार्ग दाखवला. घराचा नकाशा काढून त्यावर दिवे मांडणारे आजचे डॅशबोर्ड त्याच तत्त्वावर उभे आहेत. नावांच्या बाबतीतही हेच खरे आहे. बसवणाऱ्याच्या सोयीने पडलेले 'लाइट 3' हे नाव घरात कोणीच उच्चारत नाही, उलट 'ओट्यावरचा दिवा' किंवा 'गॅलरीतला पंखा' असे लिहिले की स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलेले काम लहान मूलही त्या पडद्यावरून करू शकते.

मराठी घरांना भिंतीवरच्या सामाईक माहितीचा एक पक्का परिचय आहे, आणि तो आहे कॅलेंडरचा. जयंतराव साळगावकर यांनी 1973 मध्ये सुरू केलेले 'कालनिर्णय' किंवा त्याच्या जातीचे दुसरे एखादे कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलेले असते, आणि तिथी-सणवारांच्या छापील मजकुराइतकाच त्याच्या चौकटींत हाताने लिहिलेला मजकूर महत्त्वाचा असतो: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, कामाला येणाऱ्या मावशींची सुट्टी. शेजारी दोरीला पेन बांधलेले असते आणि ते ज्याच्या हाती लागेल तो लिहितो. वेगवेगळी अक्षरे, वेगवेगळ्या शाया, क्वचित एकाने लिहिलेले दुसऱ्याने खोडलेलेही दिसते. भिंतीवरच्या टॅबलेटशी तुलना केली तर उणीव इथेच नजरेत भरते, कारण टॅबलेट सर्वांना वाचू देतो, बटणेही सर्वांना दाबू देतो, पण पानावर नवी चौकट आणण्याचा, नाव बदलण्याचा, नियम घालण्याचा अधिकार परवलीचा शब्द जाणणाऱ्या एकाकडेच राहतो. मालकी पडद्यावरून पुसली तरी ती त्याच्या मागे, व्यवस्थापकाच्या खात्यात, शाबूत असते.

ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली नाही. कीथ एडवर्ड्स आणि रिबेका ग्रिंटर यांनी 2001 मध्ये घरगुती संगणनापुढील सात आव्हाने मांडली, तेव्हा कार्यालयात जसा यंत्रणा सांभाळणारा पगारी माणूस असतो तसा घरात नसतो, हे त्यातले एक होते. दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील ए. जे. ब्रश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित व्यवस्था असलेल्या 14 कुटुंबांचा अभ्यास केला. त्यात खर्च, लवचीकतेचा अभाव, सांभाळण्यातील कटकट आणि सुरक्षिततेची चिंता हे चार अडथळे पुढे आले. प्रत्यक्षात ते पगारी माणसाचे काम घरातला एक जण स्वखुशीने घेतो आणि इतर जण नकळत त्याच्या मर्जीवर विसंबतात. 1983 मधील 'मोर वर्क फॉर मदर' या ग्रंथात रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार स्त्रीने दाखवून दिले की घरकाम हलके करायला आलेली यंत्रे पुष्कळदा कामाची वाटणी बदलतात आणि नवी कामे निर्माण करतात. भिंतीवरच्या टॅबलेटने निर्माण केलेले नवे काम म्हणजे त्या टॅबलेटची देखभाल, आणि ते काम घरच्यांना दिसत नाही.

म्हणूनच जाणकारांमध्ये साध्या बटणाला फार मान आहे. नुसते बुद्धिमान बल्ब बसवले आणि भिंतीवरचे जुने बटण कोणी सवयीने बंद केले की बल्बची वीजच तुटते आणि पडद्यावर तो अनुपलब्ध दिसतो. याउलट जुन्याच बटणाच्या मागे रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर परिपथ जोडणारी-तोडणारी छोटी कळ, बसवली तर हाताने दाबलेले बटण आणि पडद्यावरचे बटण दोन्ही चालतात. लोडशेडिंगच्या भागात आणखी एक गंमत घडते, ती अशी की वीज गेल्यावर टॅबलेट स्वतःच्या बॅटरीवर तेवत राहतो, पण राउटर आणि घरचा संगणक इन्व्हर्टरवर नसतील तर त्या उजळ पडद्याला सांगण्यासारखे काहीच उरत नाही. परगावच्या कंपनीच्या सर्व्हरवर विसंबणारी व्यवस्था तर त्याहून पराधीन असते; 'रिव्हॉल्व्ह' हे नियंत्रक यंत्र त्याच्या नव्या मालक कंपनीने मे 2016 मध्ये कायमचे बंद केले, आणि एप्रिल 2022 मध्ये 'इन्स्टिऑन' या घरगुती उपकरणे जोडणाऱ्या कंपनीची सेवा पूर्वसूचनेशिवाय थांबली, जी पुढे काही ग्राहकांनीच मिळून विकत घेतली आणि पुन्हा सुरू केली.

भिंत सर्वांची असते याची दुसरी बाजू अशी की तिच्यावरचे पाहुण्यालाही दिसते. हॉलमध्ये शेजारी, पाहुणे, कुरिअरवाला सगळ्यांचा वावर असतो, आणि मुलगी आत्ता कुठे आहे, घर दुपारी किती वाजेपर्यंत रिकामे असते, कोणाची दवाखान्याची वेळ कधी आहे हे तिथे उजळ अक्षरांत लावणे म्हणजे सामाईकपणाचा अतिरेक होय. शिवाय ज्या टॅबलेटला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे थांबले आहे त्याचा कॅमेरा आणि मायक्रोफोन दिवसरात्र बैठकीकडे तोंड करून असतात; म्हणून अशा टॅबलेटला घरातल्या बाकी जाळ्यापासून वेगळे ठेवणे आणि कॅमेऱ्याची गरज नसेल तर तो झाकणे शहाणपणाचे ठरते.

या सर्व विचारातून भिंतीवरच्या टॅबलेटची एक कसोटी निघते, आणि ती पडद्याच्या देखणेपणाची किंवा त्यावर किती उपकरणे जोडली याची नाही. ज्याने तो बसवला तो पंधरा दिवस परगावी गेला असता घरातल्या आजींना, शाळकरी मुलाला आणि सकाळी कामाला येणाऱ्या मावशींना कोणालाही फोन न करता दिवे लावता आले, टाकी भरल्याचे कळले आणि पडदा बंद पडला तरी काही अडले नाही, तर ती व्यवस्था घराची झाली असे म्हणावे. एरवी ती एका माणसाच्या छंदाला घराने दिलेली जागा असते. त्यासाठी परवलीचा शब्द घरातल्या आणखी एका व्यक्तीला माहीत असणे, चौकटींची नावे सर्वांनी मिळून ठरवणे आणि काय कुठे जोडले आहे हे मराठीत लिहिलेला एक कागद मीटरच्या कपाटात ठेवणे, ही तीन कामे खिळे ठोकण्याइतकीच आवश्यक आहेत, आणि बहुतेक घरांत नेमकी हीच करायची राहून जातात.